ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाची जाहीर व्याख्याने: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यातला एकही प्रश्न आम्ही घरी बसून तयार केलेला नाही. कुणी फोनवर विचारला, कुणी दाराशी घुटमळत, आणि बरेचसे व्याख्यान संपल्यावर जिन्यात. क्रम मुद्दाम लावलेला नाही. काही उत्तरे लांबली आहेत, त्याला इलाज नव्हता.

तुमचे मंडळ म्हणजे एखादे चर्च आहे का?

नाही. पण गोंधळ होतो, आणि त्यात मराठीचाही हात आहे. प्रोटेस्टंट लोक चर्चला ‘मंडळी’ म्हणतात, आम्ही स्वतःला ‘मंडळ’ म्हणतो. फरक एका वेलांटीचा. मंडळीत उपासना होते, बाप्तिस्मा होतो, प्रभुभोजन होते, पाळक असतात. मंडळात यातले काहीच होत नाही. इथे खुर्च्या मांडतात, एक जण बोलतो, बाकीचे ऐकतात आणि मग त्याला प्रश्न विचारतात. सदस्यांपैकी कुणी कॅथलिक आहे, कुणी प्रोटेस्टंट, आणि ‘मी काहीच नाही, पण मला हे वाचायला आवडते’ असे म्हणणारेही आहेत.

ईश्वरविज्ञान म्हणजे नेमके काय?

ग्रीकमध्ये ‘थिऑस’ म्हणजे देव आणि ‘लोगोस’ म्हणजे शब्द, बोलणे, विचार. देवाविषयी विचारपूर्वक बोलणे, एवढाच मूळ अर्थ. अकराव्या शतकात अन्सेल्म नावाच्या धर्मगुरूने त्याची व्याख्या मोजक्या शब्दांत बसवली: ‘समजून घेऊ पाहणारी श्रद्धा’. आम्हाला आजवर याहून नेमके काही सापडलेले नाही.

मराठी नावाबद्दल मात्र आमच्यातच एकमत नाही. ‘धर्मशास्त्र’ म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आचार, विधी आणि स्मृतिग्रंथ उभे राहतात. ‘ब्रह्मविद्या’ म्हटले की भलतीच दिशा लागते. ‘ईश्वरविज्ञान’मधल्या ‘विज्ञान’मुळे काही जणांना प्रयोगशाळा आठवते. तरी हाच शब्द रुळला आहे, म्हणून आम्हीही तोच वापरतो. त्याच्या पोटात बायबलचा अभ्यास येतो, सिद्धान्तांचा इतिहास येतो, नीतिविचार येतो, उपासनेचा अर्थ येतो.

व्याख्यान आणि प्रवचन यांत फरक काय? शेवटी दोन्हीकडे बायबलच ना?

बायबल तेच, काम वेगळे. प्रवचन श्रद्धावंतांना उद्देशून असते. ऐकणाऱ्याचे आयुष्य बदलावे अशी प्रवचनकाराची इच्छा असते, आणि तिथे उठून कुणी ‘हे कशावरून?’ असे विचारत नाही. व्याख्यानात ‘हे कशावरून?’ हाच मुख्य प्रश्न असतो.

येशूच्या पुनरुत्थानाचेच घ्या. इस्टरच्या सकाळी त्यावर प्रवचन होते तेव्हा रिकाम्या कबरेचा आनंद सांगितला जातो, आणि तसेच व्हायला हवे. आमच्याकडे त्याच विषयावर बोलणाऱ्याला इतर गोष्टीही मांडाव्या लागतात. येशूचे चरित्र सांगणाऱ्या बायबलमधल्या चारही शुभवर्तमानांत कबरेकडे गेलेल्या स्त्रियांची नावे आणि संख्या सारखी नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या सर्वांत जुन्या हस्तलिखितांत शेवटचा अध्याय आठव्या वचनाशीच थांबतो, ‘त्या भ्याल्या होत्या’ इथे. आरंभीचा प्रचारक पौल याचे करिंथकरांस पहिले पत्र शुभवर्तमानांच्याही आधीचे, इसवी सनाच्या पन्नाशीतले मानले जाते, आणि त्यात रिकाम्या कबरेचा उल्लेख नाही, साक्षीदारांची यादी आहे. याचा अर्थ काय लावायचा यावर अभ्यासक भांडतात. ते भांडण झाकून ठेवणाऱ्या वक्त्याला आम्ही दुसऱ्यांदा बोलावत नाही.

मी ख्रिस्ती नाही. आलो तर चालेल का?

चालेल. हा प्रश्न विचारताना लोक आवाज का खाली आणतात, ते आम्हाला अजून उमगलेले नाही. देवाविषयीच्या जाहीर व्याख्यानांची सर्वांत नावाजलेली मालिका स्कॉटलंडमध्ये ॲडम गिफर्ड नावाच्या न्यायाधीशाच्या मृत्युपत्रातून निघाली. १८८८ साली ती चार विद्यापीठांत सुरू झाली. वक्ता कोणत्याही धर्माचा असो किंवा कोणताच धर्म न मानणारा असो, तो मनापासून सत्य शोधणारा असला म्हणजे झाले, असे त्याने लिहून ठेवले होते. विषय खगोलशास्त्र किंवा रसायनशास्त्रासारखा हाताळावा, हीही त्याची अट. वक्त्यालाच एवढी मोकळीक असेल तर श्रोत्याला कोण अडवणार?

आपल्याकडचे उदाहरणही आहे. ब्राह्मो समाजाचे केशवचंद्र सेन स्वतः कधीच चर्चचे सदस्य झाले नाहीत. तरी १८८२ साली कलकत्त्यात त्यांनी त्रैक्यावर, म्हणजे एकाच देवात तीन व्यक्ती या शिकवणीवर, जाहीर व्याख्यान दिले आणि पिता, पुत्र व पवित्र आत्मा यांची सांगड सत्, चित्, आनंद यांच्याशी घातली. तो धागा पुढे कॅथलिक विचारवंत ब्रह्मबांधव उपाध्याय यांनी उचलला आणि १८९८ मध्ये सच्चिदानंदाला वंदन करणारे संस्कृत स्तोत्र रचले. भारतीय ख्रिस्ती विचारातली इतकी महत्त्वाची कल्पना चर्चबाहेरच्या माणसाच्या व्याख्यानातून पुढे आली, हे आम्हाला फार आवडते.

खरे सांगा, हा धर्मांतराचा मार्ग तर नाही ना?

नाही. सभागृहात पत्रके वाटली जात नाहीत, प्रार्थनेसाठी कुणाला पुढे बोलावले जात नाही, नंतर घरी कुणी येत नाही. नाव-पत्ता सांगायचीही गरज नाही. वक्ता स्वतः श्रद्धावान असेल तर ते त्याच्या बोलण्यातून कळेल, आणि ते लपवावे असे आम्ही त्याला सांगणार नाही. संगीतावर बोलणाऱ्याचे गाण्यावर प्रेम असते, तसेच हे. उलट, नास्तिक अभ्यासकाने बायबलवर केलेल्या उत्तम व्याख्यानाबद्दल काही ख्रिस्ती श्रोत्यांनी आमच्याकडे तक्रार केली होती. दोन्ही बाजूंनी बोलणी बसतात, म्हणजे वाट साधारण मधूनच चालली आहे.

मंडळ कॅथलिकांचे की प्रोटेस्टंटांचे? मतभेदाचे विषय टाळता का?

टाळत नाही. टाळण्याची परंपरा जुनी आणि प्रतिष्ठित आहे, हे मात्र खरे. रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट बॉइल १६९१ मध्ये वारला तेव्हा त्याने ख्रिस्ती धर्माच्या समर्थनार्थ व्याख्यानांसाठी पैसे ठेवले आणि अट घातली की ख्रिस्ती लोकांच्या आपसातल्या वादांत वक्त्याने उतरू नये. पहिली व्याख्याने १६९२ मध्ये झाली. त्या काळी ती अट शहाणपणाची होती. पंथांच्या भांडणात माणसे मेलेली लोकांच्या आठवणीत ताजी होती.

आज आम्हाला ती अट नको वाटते, कारण हे मतभेद कशाबद्दल आहेत हेच बहुतेकांना ठाऊक नसते. कॅथलिकांच्या बायबलात ७३ पुस्तके आणि प्रोटेस्टंटांच्या बायबलात ६६, हे ऐकून दोन्हीकडचे लोक चकित होतात. ‘माणूस नीतिमान कशाने ठरतो, श्रद्धेने की कर्मांनी?’ या प्रश्नावर सोळाव्या शतकात युरोपातली चर्च फुटली. त्याच प्रश्नावर १९९९ साली लूथरन आणि कॅथलिक यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या, हे तर फारच थोड्यांना माहीत असते. अशा विषयांसाठी आम्ही दोन वक्ते बोलावतो. अट एकच: आधी समोरच्याचे म्हणणे त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडायचे, मग आपले. वक्त्यांना हे फार जड जाते.

प्रश्नोत्तरांचे नियम काय आहेत? काहीही विचारता येते का?

येते. या विषयात ‘काहीही विचारा’ ही पद्धत सातशे वर्षांहून जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिस विद्यापीठात वर्षातून दोनदा, नाताळाच्या आधी आणि इस्टरच्या आधी, खुला वाद व्हायचा. लॅटिनमध्ये त्याला ‘क्वोड्लिबेट’ म्हणत, म्हणजे ‘वाटेल ते’. वाटेल त्याने उठावे, वाटेल ते विचारावे. आचार्याने आधी वाद होऊ द्यायचा आणि नंतरच्या दिवशी आपला निर्णय सांगायचा. अनेक आचार्य या प्रकाराला घाबरून असत, कारण विद्यार्थी मुद्दाम पेचात पकडत. थॉमस अक्वायनस मात्र घाबरला नाही. त्याचे असे बारा वाद ग्रंथरूपात उरले आहेत. त्यांत देवदूतांविषयीचे गहन प्रश्न आहेत आणि ‘मद्य, राजा, स्त्री आणि सत्य यांत सर्वांत बलवान कोण?’ हाही आहे. अक्वायनसने त्याचेही तितक्याच गंभीरपणे उत्तर दिले.

त्याच्या मुख्य ग्रंथाची मांडणीही प्रश्नोत्तरांचीच आहे, आणि ती आपल्या पूर्वपक्ष-उत्तरपक्षाच्या पद्धतीच्या अगदी जवळची आहे. आधी प्रश्न, मग विरोधकांचे आक्षेप जमेल तितक्या ताकदीने, मग आपले मत, आणि शेवटी एकेका आक्षेपाला उत्तर. ‘देव आहे का?’ या प्रश्नाखाली तो आधी ‘नाही’ म्हणणाऱ्यांचे दोन आक्षेप देतो. पहिला: जगात दुष्टपणा आहे. दुसरा: देवाला मध्ये न आणताही जगाचा उलगडा होतो. आजही लोक हेच दोन आक्षेप घेतात.

आमचे नियम त्यामानाने साधे. प्रश्न एका मिनिटात संपावा. प्रश्नाच्या शेवटी प्रश्नचिन्ह असावे. (एकदा एका गृहस्थांचा ‘छोटासा प्रश्न’ अकरा मिनिटे चालला आणि शेवटी ते वक्त्याचे आभार मानून खाली बसले. त्यानंतर नियम झाला.) उभे राहून बोलायचा संकोच असेल तर चिठ्ठी द्या, नाव लिहू नका. चांगले प्रश्न बहुधा चिठ्ठ्यांतूनच येतात.

सतराशे वर्षांपूर्वीच्या वादांवर आज व्याख्याने कशाला?

कारण ते वाद मिटलेले नाहीत, फक्त आपल्याला ते वाद वाटेनासे झाले आहेत. येशू देव आहे की देवाने निर्माण केलेला, सर्वांत श्रेष्ठ असा जीव? अलेक्झांड्रियाचा धर्मगुरू आरियस म्हणे: पुत्र नव्हता असा एक काळ होता. त्यावर ३२५ साली सम्राट कॉन्स्टंटाइनने निकियाला परिषद भरवली. पुत्र पित्याशी ‘होमोऊसिओस’, म्हणजे एकाच तत्त्वाचा आहे, असे ठरले. पुढे तडजोड म्हणून काहींनी ‘होमोइऊसिओस’ हा शब्द सुचवला: एकच नव्हे, सारख्या तत्त्वाचा. ग्रीकमध्ये फरक एका ‘आयोटा’ अक्षराचा. आमच्या ‘मंडळ’ आणि ‘मंडळी’सारखाच.

त्या एका अक्षरापायी निकियाची बाजू लढवणाऱ्या बिशप अथानेशियसला पाच वेळा हद्दपार व्हावे लागले. आणि हा वाद फक्त बिशपांचा नव्हता. निसाचा बिशप ग्रेगरी कॉन्स्टंटिनोपलबद्दल वैतागून सांगतो: सुट्टे पैसे मागावेत तर दुकानदार ‘जन्मलेला’ आणि ‘अजन्मा’ यांवर तत्त्वज्ञान सुनावतो. पावाचा भाव विचारावा तर उत्तर मिळते, पिता श्रेष्ठ आणि पुत्र त्याच्या हाताखालचा. स्नानाचे पाणी तापले का विचारावे तर ऐकू येते, पुत्र शून्यातून निर्माण झाला. ग्रेगरीने हे तक्रार म्हणून लिहिले. जाहीर व्याख्याने भरवणाऱ्यांना मात्र ते वाचून हेवा वाटतो.

प्रश्नाचे मोल असे आहे. येशू देवाने निर्माण केलेला असेल, तर क्रूसावर देवाने स्वतः काही सोसले नाही, दुसऱ्या कुणाला पाठवले. तो देवच असेल, तर देव मरू शकतो का, हा पुढचा प्रश्न उभा राहतो. त्यासाठी ४५१ मध्ये कॅल्सिडनची परिषद झाली. तिने ‘एक व्यक्ती, दोन स्वभाव’ असे सूत्र दिले, आणि ते मान्य नसलेल्या पूर्वेकडच्या मंडळ्या आजवर वेगळ्या आहेत.

त्रैक्य थोडक्यात समजावून सांगाल का?

नाही. ‘पाणी, बर्फ, वाफ’ हे उदाहरण आम्हीही लहानपणी ऐकले आहे. पण एकच देव तीन रूपे पालटतो, असे सांगणारी शिकवण तिसऱ्या शतकात सबेलियसच्या नावाने ओळखली गेली आणि चर्चने ती नाकारली. म्हणजे ज्या उदाहरणाने त्रैक्य शिकवले जाते, ते नेमके नाकारलेल्या मताचे आहे! बिशप ऑगस्टीनने त्रैक्यावर पंधरा भागांचा ग्रंथ लिहिला. त्यात तो प्रांजळपणे कबूल करतो की ‘तीन व्यक्ती’ असे आपण म्हणतो ते तेच नेमके म्हणायचे असते म्हणून नव्हे, अगदीच गप्प राहावे लागू नये म्हणून.

देव प्रेमळ आहे तर निष्पापांना दुःख का?

विषय कोणताही असो, हा प्रश्न येतोच. तत्त्वज्ञ लाइबनिट्स याने १७१० मध्ये या चर्चेला ‘थिओडिसी’ हे नाव दिले. देवाने शक्य तितक्या जगांतले सर्वोत्तम जग निर्माण केले, असे त्याचे उत्तर होते. १७५५ मध्ये सर्व संतांच्या सणाच्या सकाळी, चर्च भरलेली असताना, लिस्बन शहरात भूकंप झाला. त्यानंतर ते उत्तर पूर्वीच्या विश्वासाने देणे कुणाला जमले नाही.

विसाव्या शतकात प्रश्नाची बाजूच पालटली. युर्गेन मोल्टमान दुसऱ्या महायुद्धात जर्मन सैनिक होता, युद्धकैदी झाला आणि त्या छावणीत ईश्वरविज्ञानाकडे वळला. १९७२ च्या त्याच्या ग्रंथात देव दुःख का होऊ देतो यापेक्षा दुःखात देव कुठे असतो, हा प्रश्न पुढे येतो. दक्षिण अमेरिकेत गुस्तावो गुतिएरेझ याने १९७१ मध्ये गरिबांच्या बाजूने तोच प्रश्न विचारला. भारतातल्या दलित ईश्वरविज्ञानाने तो जातीच्या अनुभवातून विचारला. आमच्या मते सध्याचे सर्वांत जिवंत लेखन इथेच होते आहे, आणि आमच्या कार्यक्रमांत त्याला कमी जागा मिळते, हा दोष आमचा.

एक विनंती. ज्यांचे दुःख ताजे आहे त्यांनी या विषयाच्या व्याख्यानाला जपून यावे. युक्तिवादाने डोळे पुसले जात नाहीत.

विज्ञानाशी भांडण आहे का?

काही ख्रिस्ती लोकांचे आहे, ईश्वरविज्ञानाचे असायलाच हवे असे नाही. पाचव्या शतकातच ऑगस्टीनने लिहिले होते की बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकातले निर्मितीचे सहा दिवस आपल्या नेहमीच्या दिवसांसारखे समजू नयेत. आकाश आणि ताऱ्यांविषयी जाणकारांसमोर अडाण्यासारखे बोलून ख्रिस्ती लोकांनी हसे करून घेऊ नये, असेही त्याने बजावले. विश्व एका आदिम अणूतून सुरू झाले ही कल्पना १९३१ मध्ये मांडणारा जॉर्ज लमेत्र कॅथलिक धर्मगुरू होता. त्याने विज्ञान आणि श्रद्धा यांची मोट बांधायचे मात्र टाळले. आम्हाला त्याचा तो संयम शिकण्यासारखा वाटतो.

सगळी नावे पुरुषांचीच कशी?

आक्षेप रास्त आहे. शतकानुशतके विद्यापीठाची दारे स्त्रियांना बंद होती, म्हणून त्यांचे ईश्वरविज्ञान मठांतून, पत्रांतून आणि दृष्टान्तांच्या नोंदींतून शोधावे लागते. नॉरिचच्या ज्युलियनला १३७३ साली मोठ्या आजारात दर्शने झाली. त्यांच्यावर ती कित्येक वर्षे चिंतन करत राहिली आणि ख्रिस्ताला तिने ‘आई’ म्हटले. कॅथलिक चर्चने आव्हिलाची तेरेसा आणि सिएनाची कॅथरीन यांना ‘चर्चचे आचार्य’ ही पदवी दिली ती १९७० मध्ये. तोवर त्या यादीत एकही स्त्री नव्हती.

वक्ते कसे निवडता?

विषयाचा अभ्यास आणि सोपे बोलण्याची ताकद, एवढे दोनच निकष. पहिला असून दुसरा नसणारे भरपूर भेटतात. मंडळातल्या बहुसंख्यांना पटणारेच मत असावे असा आग्रह नाही. गिफर्ड व्याख्यानांना १९३७ मध्ये ईश्वरविज्ञानाचा अभ्यासक कार्ल बार्थ याला बोलावले गेले. निसर्ग आणि बुद्धी यांच्या आधारे देवाचे ज्ञान होते, हा त्या मालिकेचा पायाच त्याला अमान्य होता. त्याने तसे उघड सांगितले आणि १५६० च्या स्कॉटिश मतांगीकारावर, म्हणजे तिथल्या चर्चने श्रद्धेविषयी केलेल्या जाहीर विधानावर, व्याख्याने दिली. बोलावणारे आणि येणारा, दोघांचेही कौतुक.

आधी काही वाचून यावे का? बायबल आणावे का?

गरज नाही. ग्रीक किंवा लॅटिन शब्द आला तर वक्त्याने तिथल्या तिथे मराठीत सांगायचा, असा दंडक आहे. तो विसरला तर हात वर करा.

व्याख्यान किती वेळ चालते? मुलांना आणता येईल का? ध्वनिमुद्रण मिळते का?

पाऊण तास व्याख्यान आणि तेवढाच वेळ प्रश्न. मुलांना आणा, कंटाळली तर बाहेर न्या. ध्वनिमुद्रण वक्त्याची परवानगी असेल तर मिळते. प्रश्नोत्तरांचे मुद्रण मात्र आम्ही करत नाही, लोक मोकळेपणाने बोलावेत म्हणून.

हे सगळे ऐकून माझी श्रद्धा डळमळली तर?

होऊ शकते, खोटे कशाला सांगा. लहानपणी शिकलेले काही इथे टिकत नाही. काहींची श्रद्धा यातून खोल गेली, काही जण यायचे थांबले, आणि एक बाई दर वेळी ‘आता पुन्हा येणार नाही’ असे सांगून पुढच्या व्याख्यानाला पहिल्या रांगेत बसतात. आपल्या पाळकांशी किंवा धर्मगुरूंशी बोला. आमच्यापैकी कुणाशी बोलायचे असेल तर खुर्च्या आवरताना भेटा. मदतही होईल.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही तर?

दाराजवळच्या टेबलावर एक वही असते. उत्तर न मिळालेले प्रश्न त्यात लिहायचे. पुढच्या वक्त्याला ती आधी वाचायला देतो आणि एखाद्या प्रश्नाचे समाधान झाले तर ज्याने विचारला त्यानेच त्यावर रेघ मारायची. पहिल्या पानावर कुणा लहान मुलाच्या अक्षरात लिहिले आहे, ‘देव कंटाळतो का?’ त्यावर अजून रेघ पडलेली नाही.